राहिलेले भाग

शुक्रवार पेठेतल्या आमच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याची एक रीत होती. सेट त्याच्या दुकानात असेपर्यंत तो गिऱ्हाइकाच्या घरची मालिका बघायचा आणि सेट परत आणला की राहिलेले भाग सांगायचा. दुरुस्तीत ते धरलेलंच असायचं. सांगताना डोळे मिटायचा, आणि सासूचं बोलणं आलं की हातातला स्क्रू-ड्रायव्हर हवेत नाचवायचा.

एकदा त्यानं सांगितलं, रुसून माहेरी गेलेली सून परत आली. शेजारणीकडून कळलं, आलीच नव्हती. आईनं विचारलं तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "काकू, त्या दिवशी लाईटच न्हवती. पण तिनं यायला पायजे हुतं की."

मला राग आला होता. आईला नाही.

ती मालिका केव्हाच संपली. आता आमच्याकडं माझी मुलं लावतात ते रिअ‍ॅलिटी शो चालतात. गेल्या महिन्यात सेट बिघडला, तेव्हा दुरुस्त करून तोच घेऊन आला. केस सगळे पांढरे झालेत. आईनं सवयीनं विचारलं, "मधे काय काय झालं?"

"कोण भांडलं, कोण भायेर गेलं. त्यात सांगण्यासारखं काय न्हाय, काकू."

तो निघाला, दारात थांबला आणि परत येऊन आईसमोर बसला. डोळे मिटले.

"त्या सुनेला आता नात झालीया."

आईनं खुर्ची पुढं ओढली. टीव्हीची वायर तशीच लोंबत राहिली.