शेवटचं पाणी रुलदूचं

वर बर्फ वितळलं की आमच्या दरूणी ओढ्याला माज चढतो. पाटाच्या तोंडाशी रचलेला दगडांचा बांध तो दरवर्षी वाहून नेतो. मग घरटी एक माणूस जाऊन तो पुन्हा रचायचा. त्यासाठी हाळी द्यायचं काम रुलदूचं. तो आमचा कोहली, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारा. बाप, आजा, सगळे कोहलीच.

यंदाही तो वरच्या सिहोलपासून खालच्या चंदरोटच्या बाजारापर्यंत दारोदार हिंडला. धरमूची कंबर धरली होती, कुणाकडे पाहुणे होते, मिठाईवाल्या प्यारूने तर फावडंच हरवल्याचं सांगितलं. बांधावर गेलो आम्ही दोघंच, रुलदू आणि शेजारी म्हणून मी. पाय बधिर होईस्तोवर गार पाण्यात उभं राहून दगड लावले. पाटात आलं करंगळीएवढं पाणी, आणि त्यावरून शिव्या पुन्हा रुलदूलाच. माझं डोकं फिरायचं.

कोहल्याचं शेत सगळ्यांत शेवटी भिजतं, असा आमच्याकडचा रिवाज. यंदा शेवटपर्यंत पाणी पोचेचना. रुलदूची भाताची रोपं पिवळी पडली. त्याची बायको ब्यासा ताटात भात वाढताना ऐकवायची, "पोटभर जेवा. पुढच्या वर्षी हा विकतचा असेल."

एका दुपारी रुलदू ताटावरून उठला, पाटाचा काठ फोडला आणि भर दिवसा सगळं पाणी आपल्या रोपांत घेतलं.

घटकाभरात दोन्ही गावं धावत आली. कंबर धरलेला धरमू सगळ्यांत पुढे. प्यारूच्या खांद्यावर फावडं. कोहलीच चोर निघाला म्हणत त्यांनी फोडलेला काठ असा बांधून काढला की थेंब गळेना.

रुलदू म्हणाला, "भाऊ, एवढी माणसं आहात, फावडी आहेत. चला, बांधही उरकून टाकू."

"दुकान उघडं टाकून आलोय, चाचा," प्यारू म्हणाला आणि वळला. मागोमाग बाकीचेही पांगले. मी ओरडलो, कुणी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

ब्यासा अर्धवट भिजलेल्या रोपांकडे बघत उभी होती. "उद्या परत फोडा," ती नवऱ्याला म्हणाली. "पण इथे नको. वर बांधापाशीच फोडा. मग येतील सगळे तिथे, फावडी घेऊन."

रुलदूने फावडं उचललं आणि उद्याची वाट न बघता वरची वाट धरली.