पेटीच्या खालचा सूर

महादेवप्पा लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होता. पोतं काट्यावर चढलं की तो मोजणी पुकारायचा. पहिल्या पोत्याला एक म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही मोंढ्याची रीत. महादेवप्पाचा 'लाभ' ऐकला की गादीवर लोळणारे आडतेसुद्धा मान वर करत. जाड आवाजाची माणसं आमच्याकडं पुष्कळ आहेत. त्याचा आवाज जाड नव्हता, खोल होता.

आम्ही दोघं एकाच वयाचे. मी शाळेत संगीत शिकवायचो आणि दर सोमवारी लिंगायत मठातल्या भजनाला पेटी धरायचो. भजनात बाकीचे वर चढले की महादेवप्पा एकटा खाली उतरायचा. मंद्रातला पंचम तो सहज लावायचा. सकाळची वेळ असली आणि गळा गार असला तर गंधारालाही हात लावून यायचा. मठातले वडीलधारे बसलिंगप्पा म्हणायचे, "महादेवप्पा असल्यावर डग्गा कशाला लागतोय?" हे वाक्य तो घरी जाऊन बायकोला, जगदेवीला, सांगायचा. दर वेळी नव्यानं सांगायचा. सबंध जिल्ह्यात आपल्याखाली कुणी जात नाही अशी त्याची खात्री होती. तेव्हा आमचा जिल्हा उस्मानाबाद होता.

बहात्तर साली पाऊस गेला. मोंढ्यात माल येईना. काटे टांगलेले तसेच राहिले आणि हमाल, मापाडी सगळे दुष्काळी कामांवर पांगले. महादेवप्पा उदगीरजवळ सासरवाडीला गेला. तिथं गावाच्या विहिरीचं खोलीकरण निघालं होतं. त्याला यारीवर काम मिळालं. खाली फोडलेला दगड टोपलीत भरायचा आणि वरच्यांनी चाक फिरवून ती टोपली ओढायची. वर उन्हात चाक फिरवणं त्याच्याकडं आलं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी, दुपारची भाकरी खाऊन माणसं लिंबाखाली आडवी झाली असताना, विहिरीतून त्याला काही ऐकू आलं. आधी त्याला वाटलं, लांब कुठं तरी ट्रक चालू आहे. मग त्या आवाजात शब्द असल्याचं ध्यानात आलं. तो काठावर जाऊन पालथा पडला. खाली पन्नास फुटांवर एक माणूस दगडाला पाठ लावून बसला होता आणि डोळे मिटून गात होता. चाल सावकाश होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी तो माणूस उतरायचा, आणि जिथं आता थांबेल असं वाटायचं तिथून पुन्हा एक पायरी खाली जायचा.

महादेवप्पानं मला सांगितलं ते असं : "मास्तर, मी मनातल्या मनात त्याच्यासंगं उतराय लागलो. पंचम आला, गंधार आला. मग माझा जिना सरला. त्यो मात्र जातच राहिला."

त्या माणसाचं नाव एलीया. उदगीरच्या ख्रिस्ती वस्तीतला, विहिरी फोडणारा. अंगानं वाळका, छातीचा पिंजरा दिसणारा. संध्याकाळी तो वर आला तेव्हा महादेवप्पानं विचारलं, "काय म्हणत होता खाली बसून?"

"चर्चमधलं गाणं. आमच्यात चार वळी असत्यात, चार सुरांच्या, एकाच वक्ताला म्हणायच्या. सगळ्यात खालची वळ, तिला बेस म्हणतेत. ती माझी हाय."

"लई खाली जाता."

"मी कुठला?" एलीया हसला. "खाली जाणारी माणसं तुम्ही ऐकली न्हाईत अजून. रविवारी या, ऐकवतो."

महादेवप्पाला रात्रंदिवस ते हसणंच आठवत राहिलं. हा माणूस आपल्याला हसला, की स्वतःला, हे त्याला ठरवता येईना. रविवारी तो गेला. प्रार्थना संपून लोक पांगल्यावर एलीयानं चर्चच्या मागच्या खोलीतलं कपाट उघडलं आणि चावीचा फोनो काढला. मिशनच्या दवाखान्यात पूर्वी एक अमेरिकन बाई होत्या. मायदेशी जाताना त्यांनी तो फोनो आणि दहा-बारा तबकड्या चर्चला दिल्या होत्या. त्यात तिकडच्या काळ्या लोकांची देवाची गाणी होती, चौघाचौघांनी म्हटलेली. पेटी नाही, तबला नाही, नुसते गळे.

एलीयानं चावी फिरवली. "शब्द मलाबी कळत न्हाईत," तो म्हणाला. "तिघं जण देवाला बोलवायलेत एवढं कळतंय. चौथा हाय, त्यो बोलवत न्हाई. त्यो जमीन धरून बसतोय. त्याच्याकडं ध्यान द्या."

चौथा माणूस आधी नुसता ठेका धरत होता. मग एका ठिकाणी बाकीचे तिघं गप्प झाले आणि तो एकटा उतरला. मठातल्या माझ्या पेटीची डावीकडची शेवटची पट्टी महादेवप्पाला पाठ होती. तो आवाज त्या पट्टीवर आला, ती ओलांडून आणखी खाली गेला, आणि तिथं निवांत उभा राहिला. फोनोचं झाकण थरथरलं.

महादेवप्पानं एलीयाकडं पाहिलं. एलीयाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. महादेवप्पाला त्या अमेरिकेतल्या माणसाचा हेवा वाटला नाही. तो फार लांबचा होता. हेवा वाटला तो समोर बसून रडणाऱ्या एलीयाचा.

"तुम्हाला वाईट वाटत न्हाई?" त्यानं विचारलं.

"कशाचं?"

"त्यो तुमच्याहून खाली जातोय त्याचं."

एलीयाला प्रश्नच कळला नाही. तबकडी उचलून ठेवता ठेवता तो म्हणाला, "त्यो हाय म्हणून तर मला कळलं, का खाली अजून जागा हाय. न्हाई तर मी वरच थांबलो असतो."

महादेवप्पा सासरवाडीला परत आला. पुढचे दोन महिने तो दुपारी सगळे झोपले की शेजारच्या शेतातल्या कोरड्या विहिरीत उतरायचा. एलीया जिथवर जातो तिथवर जायचं एवढंच त्याच्या डोक्यात होतं. हनुवटी छातीला टेकवून, पोट आवळून, तो गळ्यातून आवाज ओढायचा. सूर निघायचा नाही, नुसती घरघर निघायची. त्याला वाटायचं, आज घरघर निघाली, उद्या सूर निघेल. एक दिवस थुंकीत रक्त दिसलं. तरी त्यानं आठवडाभर कुणाला सांगितलं नाही. मग आवाजच गेला. जगदेवीनं त्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी तीन महिने एक शब्द बोलू नका म्हणून सांगितलं.

"देवानं दिला तेवढा पुरला न्हाई का?" जगदेवी म्हणाली. "गळ्यात विहीर खोदायलाव का तुम्ही?"

एलीया भेटायला आला होता, मोसंबी घेऊन. महादेवप्पानं भिंतीकडं तोंड केलं. एलीयाला वाटलं, झोप लागली असेल. तो मोसंबी उशाशी ठेवून गेला.

पाऊसपाणी झालं, मोंढा पुन्हा भरला. महादेवप्पाचा आवाज परत आला, पण गंधार गेला तो गेलाच. कसाबसा पंचम राहिला. मी विचारलं तेव्हा त्यानं तापाचं कारण सांगितलं आणि मी विश्वास ठेवला.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. गावात कमानी लागल्या. आमच्या भागातल्या लोकांनी शाळेच्या मैदानावर एक सत्कार-समारंभ ठरवला आणि स्वागतगीताचं काम माझ्याकडं दिलं. माझ्या मनात आलं, एकसुरी गाणं नको, चार पट्ट्यांत बांधू. वरच्या तीन पट्ट्यांना शाळेतल्या बाई, मुली, तरुण मास्तर मिळाले. खालच्या पट्टीला महादेवप्पा होताच, पण एकट्यानं भागणारं नव्हतं. उदगीरहून बदलून आलेल्या एका शिक्षकानं मला सांगितलं, की तिकडं एलीया म्हणून एक ख्रिस्ती माणूस आहे, त्याच्या आवाजानं बाकडं हलतं.

महादेवप्पाची सासरवाडी तिकडचीच. मी त्यालाच म्हणालो, "एवढा निरोप पोचव. म्हणावं, लातूरला या, आम्हाला तुमची गरज आहे."

"हाव," महादेवप्पा म्हणाला. "शनिवारी जाणारच हाय."

सोमवारी तो भेटला. "न्हाई मास्तर. त्यो माणूस नांदेडला गेला. हिमायतनगरच्या बाजूला कुठं तरी राहतोय म्हणे. पत्ता न्हाई कुणाकडं." हे सांगताना त्यानं माझ्याकडं सरळ पाहिलं होतं. मला काडीचा संशय आला नाही. मी खालची पट्टी त्याच्या एकट्याच्या गळ्याला जमेल अशी वर उचलून घेतली.

कार्यक्रमाच्या दिवशी महादेवप्पा पांढरं धोतर, नवा फेटा अशा थाटात आला. आम्ही गायलो. त्याचा सूर चांगला लागला होता, मला पेटीवर ऐकू येत होता. पण भोंगे होते मंडपवाल्याचे. त्यातून वरचे आवाज कर्कश येत होते आणि खालचं काहीच येत नव्हतं. व्यासपीठापासून दहा हातांच्या पुढं महादेवप्पा गातोय हे कुणाला कळलंही नाही. पाहुण्यांनी नंतर मुलींचं कौतुक केलं.

आम्ही मंचावरून खाली उतरलो तर एक वाळका माणूस मंचालगतच्या बांबूला धरून उभा होता. त्यानं कपाळाला हात लावून सलाम केला. "सलाम, महादेवप्पा. नवा जिल्हा बघाय आलो होतो येष्टीनं. तुमचा आवाज ऐकला. पंचम लई सरळ लागला तुमचा."

मी विचारलं, "आपण कोण?"

"मी एलीया. उदगीरचा."

"तुम्ही नांदेडला राहायला गेलात ना? हिमायतनगरकडं?"

"मी?" तो गोंधळला. "न्हाई. उदगीर सोडून कुठं जातो मी? नांदेडला एकदाच गेलो होतो, गुरुद्वारा बघाय."

"मग आमचा निरोप..." मी बोलायला लागलो आणि थांबलो. महादेवप्पा फेट्याचा शेमला बोटानं चुरत होता. एलीयानं माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. समजायला त्याला वेळ लागला नाही.

"मला बोलावलं होतं व्हय?" तो हळूच म्हणाला. ते बोलणंसुद्धा इतक्या खालून आलं, की माझ्या हातातल्या पेटीच्या भात्याला ते जाणवलं असं मला वाटलं. "महादेवप्पा, ती तबकडी मी चर्चबाहेरच्या कुणालाबी ऐकवली न्हवती. तुम्हाला ऐकवली."

आणि तो स्टँडकडं चालता झाला.

मी महादेवप्पाला खूप बोललो. आज आठवलं तर जरा जास्तच बोललो असं वाटतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग मांडव उतरवणारी माणसं आमच्याभोवती दोर सोडत असताना तिथंच सतरंजीवर बसून त्यानं मला बहात्तर सालापासूनचं सगळं सांगितलं. विहीर, फोनो, रक्त, मोसंबी. "मी बसस्टँडपातूर गेलो होतो," तो म्हणाला. "उदगीरच्या गाडीत बसलोबी होतो. गाडी सुटायच्या आधी उतरलो."

पुढच्या रविवारी तो उदगीरला गेला. माफी मागायची म्हणून गेला, पण चर्चच्या दारात पाय अडला. तो सगळ्यात मागच्या बाकड्यावर बसला. एलीयानं त्याला पाहिलं, गाणं म्हटलं, आणि दुसऱ्या दारानं निघून गेला. महिन्यानं तो पुन्हा गेला. पुन्हा तसंच झालं. मग दर महिन्याचा पहिला रविवार त्याचा ठरलेलाच झाला.

लातुरात कुजबुज झाली. मठात बसलिंगप्पांनी त्याला सगळ्यांदेखत विचारलं, "बाटलास का?"

"न्हाई अप्पा," महादेवप्पानं गळ्यातलं इष्टलिंग कपाळाला लावलं. "ऐकाय जातो."

"काय ऐकतोस?"

"मला येत न्हाई ते."

बसलिंगप्पांना हे पटलं नाही, पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. जगदेवी मात्र चिडायची. "जाऊन येता आन् दोन दिवस तोंड पाडून बसता. कशाला जाता मग?" ते खरं होतं. सोमवारी भजनात त्याचं लक्ष नसायचं. मी एकदा म्हणालो, "अजून जळतोस होय रे?" तो म्हणाला, "लई. पैलं ऐकलं न्हवतं तवा बरं होतं."

दोन-सव्वादोन वर्षं अशी गेली. चौऱ्याऐंशीच्या नाताळाआधी चर्चमध्ये गाण्यांची तयारी चालू होती. एलीयाच्या जोडीला खालच्या ओळीत गाणारा म्हातारा पक्षाघातानं आडवा झाला होता. महादेवप्पा नेहमीसारखा मागं बसला होता. एलीया चर्च चालवणाऱ्या पाळकांशी काही बोलला. मग त्यानं मागच्या बाकड्याकडं पाहिलं आणि हातानं जवळची रिकामी जागा दाखवली.

महादेवप्पा उठून गेला. एलीयानं त्याला ओळ एकदा म्हणून दाखवली, जशी कुणाही नवख्याला दाखवावी तशी. माफीचा विषय महादेवप्पानं काढला तेव्हा तो म्हणाला, "आधी गाणं होऊ द्या." गाणं झाल्यावर त्यानं तो विषय काढू दिला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतला. विसरलो असं तो म्हणाला नाही. "पुढल्या बुधवारी तालीम हाय," एवढं म्हणाला.

त्या आठवड्यात मोंढ्यात भेटल्यावर मी महादेवप्पाला विचारलं, कसं झालं. काट्यावर तुरीची पोती चढत होती. तो म्हणाला, "शेजारी उभा राहिलो तर पायाखालची फळी हलली मास्तर. त्याच्याच आवाजानं. माझ्यानं न्हाई. मी तवाबी जळलो."

"मग?"

"मग काय," महादेवप्पा म्हणाला, "पुढची वळ आमची दोघांची होती. म्हणाय लागलो."