टाकीच्या झाकणावरचं कुंकू

बाळांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आजोबांनी तुम्हाला आमच्या मोटरसायकलच्या पेट्रोलगळतीची गोष्ट सांगितली. ती गळती त्यांनी "नुसत्या कानाने" ओळखली, हे ऐकून तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी त्यांच्या मागेच बसून कोथिंबीर निवडत होते. ही गोष्ट ते गावभर सांगत असतात आणि दर वेळी त्यातली मी आणखी लहान होते. रविवारच्या गोष्टीत मी फक्त चहा आणून दिला होता. थोड्याच दिवसांत तो चहाही जाईल, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

आपली मोटरसायकल तुमच्या बाबांपेक्षा थोडीच लहान आहे आणि त्यांच्यापेक्षा खूप जास्त दिवस घरी राहिली आहे. ती बनवणाऱ्यांनी तसली गाडी बनवणं केव्हाच सोडलं, पण आजोबांनी चालवणं सोडलेलं नाही. दर गुरुवारी ते मला मागे बसवून आपल्या वरव्याहून नसरापूरमार्गे वेल्ह्याच्या पुढे नेतात. तिथे डोंगराच्या पोटातल्या वाडीत त्यांची थोरली बहीण, म्हणजे तुमच्या आत्याआजी आणि माझ्या वन्सं, एकट्या राहतात. एसटी वेल्ह्यापर्यंत जाते. पुढचा रस्ता म्हणजे ओढा, दगड आणि ग्रामपंचायतीने दिलेली आश्वासनं. वन्संना आता नीट दिसत नाही. आम्ही गेलो की आजोबा त्यांची नखं कापतात, गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत लावतात, आणि मग दोघं त्यांच्या वडिलांच्या बांधावरून मनसोक्त भांडतात. "आमच्याकडे राहायला चला" असं म्हटलं की वन्सं फणकारतात, "म्या हितनं हालायची न्हाई. आन् गुरुवारी तुमी आला न्हाई तर म्या भांडू कुणाशी? म्हशीशी?"

तर दोन वर्षांपूर्वी दसऱ्यानंतर ही गाडी गळू लागली. दुपारी अंगणातल्या फरशीवर ओला गोल डाग दिसायचा आणि घरभर पेट्रोलचा वास. आजोबा म्हणाले, "गाडीचं वय झालं की थोडं व्हायचंच." स्वतःच्या गुडघ्यांबद्दल त्यांनी हे कधी मान्य केलेलं नाही.

पहिले तज्ज्ञ शेजारून आले. शेजारचे भावजी एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यापासून ते गावातल्या प्रत्येक इंजिनावर मत देतात.

"वहिनी, लई सोपं हाय. गळती डोळ्यानं दिसत नसली, तर नाकानं धरायची," असं म्हणत ते टाकीखाली वाकले. हातात पेटती बिडी होती.

"भावजी, बिडी!" मी ओरडले.

"व्हय की," म्हणाले, आणि बिडी दुसऱ्या हातात घेतली.

मी ती काढून घेऊन पाण्याच्या बादलीत टाकली, याचा त्यांना अजून राग आहे. टाकीच्या जोडाला बारीक भोक पडलंय, तिथे साबण घासा, असा त्यांनी निकाल दिला. आजोबांनी माझा चंदनाचा साबण घासला. दुसऱ्या दिवशी अंगणाला चंदनाचा आणि पेट्रोलचा मिळून असा काही वास सुटला, की पोस्टमन फाटकातूनच परत गेला.

मग गाडी नसरापूरच्या मेकॅनिककडे गेली. त्याने टाकीखालचा पेट्रोलचा कॉक, म्हणजे तोटी, बदलला, नळी बदलली, दिवसभर पत्र्याच्या सावलीत गाडी उभी करून पाहिली. "हितं टिपूस न्हाई, बाई," तो मला म्हणाला. "तुमच्या अंगणातच कायतरी आसंल." अंगणात भानामती आहे आणि आपण शिकली-सवरलेली माणसं ती लपवतोय, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. गाडी घरी आली, दुपार झाली आणि फरशीवर पुन्हा तोच डाग उमटला.

त्या दिवाळीला तुमचे बाबा एकटेच आले, ते तुम्हाला आठवत असेल. आल्या आल्या त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"आई, हे घर आहे की पेट्रोलपंप? एखादी ठिणगी पडली तर?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, आणि चूक नसलेलं म्हणणं ते कसं मांडतात हे तुम्ही जाणताच. संध्याकाळपर्यंत त्यांनी भंगारवाल्याला फोन करून टेम्पो ठरवलासुद्धा. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार.

"आणि वन्सं?" मी विचारलं.

"टॅक्सी करा ना! पैसे मी पाठवतो."

टॅक्सीवाला ओढ्याशी थांबतो आणि "इथून पाच मिनिटं" म्हणून बोट दाखवतो. ती पाच मिनिटं तुमच्या बाबांनी कधी चालून पाहिलेली नाहीत. मी पाहिली आहेत. माझ्या गुडघ्यांनी आणि आजोबांच्या गुडघ्यांनी ती चालायची, तर वन्संची नखं वर्षातून एकदाच कापली जातील. आजोबा चष्मा पुसत बसले. ते गप्प झाले की समजावं, त्यांनी हार मानली आहे आणि ती कुणाच्या माथी मारायची ते शोधताहेत.

भाऊबिजेला आम्ही शेवटचं म्हणून निघालो. वाटेतल्या मार्गासनीच्या पुढच्या चढावर गाडी बंद पडली. हे नवीन नव्हतं. गेली काही वर्षं लांबच्या चढावर ती अशी मान टाकते आणि तिला उठवण्याची आजोबांची एक पद्धत आहे. टाकीचं झाकण उघडायचं, आत डोकावायचं, "हूं" म्हणायचं, झाकण लावायचं आणि किक मारायची. की गाडी सुरू. "तिला विचारपूस लागते," असं ते सांगतात. आपल्या नुसत्या नजरेने इंजिन सुरू होतं, यावर त्यांचा मनापासून विश्वास आहे.

एरवी मी तेवढ्या वेळात रस्त्याकडेला बसते. त्या दिवशी निरोपाच्या भावनेने गाडीजवळ उभी राहिले आणि झाकण फिरताच मला ऐकू आलं: फुस्स. हवा आत ओढली गेल्याचा आवाज. पेट्रोल खाली जातंय आणि त्याच्या जागी हवा यायला वाट नाही, त्याशिवाय असा आवाज होत नाही. पण गळतीशी याचा काय संबंध, हे लगेच उमगेना. वाडीवर वन्संनी भावाला ओवाळताना विचारलं, "तोंड का रं पाडलंस?" त्यावर आजोबा म्हणाले, "धूर डोळ्यांत गेला." धूर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी पुसून कोरडी केली आणि कॉकवर, नळीवर, कार्बोरेटरवर रांगोळी भुरभुरवली. कोरडी रांगोळी ओल लपवू देत नाही. सावली होती तोवर सगळं पांढरं होतं. उन्हं अंगणात आली, टाकी तापली, आणि कार्बोरेटरच्या खालच्या बारीक नळीतून थेंब पडू लागले. वरची रांगोळी मात्र कोरडीच. म्हणजे टाकीला भोक नव्हतं आणि कॉकही गळत नव्हता. वरून काहीतरी दाबत होतं आणि कार्बोरेटर भरून ओतत होता. कॉक बंद करून पाहिलं, थेंब थांबले. मेकॅनिक गाडी आली की सवयीने कॉक बंद करतो आणि सावलीत लावतो. आजोबा कॉक कधीच बंद करत नाहीत आणि उन्हात लावतात. भानामतीचा उलगडा झाला.

मी झाकण फिरवलं. पुन्हा फुस्स, पण आता आतून बाहेर. डाळ उतू जाऊन शिट्टीचं भोक बुजलं की कुकर असाच वागतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. फक्त कुकरला कुणी साबण लावत नाही. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असणार, म्हणून पाहिलं, तर झाकण दिसेचना. दिसलं ते कुंकू.

आजोबा दर दसऱ्याला गाडीची पूजा करतात. कुंकू तेलात कालवून टाकीच्या झाकणावर अंगठ्याने स्वस्तिक काढतात आणि आदल्या वर्षीचं पुसत नाहीत, कारण कुंकू पुसायचं नसतं. वर्षानुवर्षांचे थर एकमेकांवर बसून त्याचं लाल सिमेंट झालं होतं. त्या वर्षीच्या थराने उरलंसुरलं भोकही बंद केलं.

मी झाकण लांब पायरीवर नेऊन केसांच्या आकड्याने खरवडायला बसले. आवाजाने आजोबा वामकुक्षीतून उठले.

"अगं, काय करतेस हे? कुंकू पुसतात का कधी?"

"मग गाडी अखंड सौभाग्यवती म्हणून भंगारात जाऊ दे."

"अशुभ असतं ते!"

"अहो, त्या कुंकवाचे धनी तुम्हीच ना? टेम्पो संध्याकाळी येतोय. बसता का गाडीसोबत?"

गाडी गेली तर गुरुवारही गेला, हे त्यांनाही कळत होतं. मग वन्संचं नाव न घेता म्हणाले, "माझ्या डोळ्यांदेखत नको," आणि पाठ करून तुळशीकडे बघत बसले. मी थर काढले, भोकात सुई फिरवली, झाकण पुसून बसवलं.

तुमच्या बाबांचा विश्वास बसला नाही. ते तिकडे मोठमोठ्या यंत्रांचे साहेब आहेत, त्यामुळे त्यांना आईच्या सुईची खात्री पटणं कठीणच. शेवटी ठरलं, की कॉक उघडा ठेवून गाडी उन्हात लावायची, खाली वर्तमानपत्र पसरायचं, आणि एक जरी डाग पडला तर टेम्पो तिला नेणार. उन्हं उतरेपर्यंत ते कागदाकडे बघत बसले. त्यांच्या दहावीच्या निकालालाही ते इतके गंभीर नव्हते.

कागद कोरडा राहिला. भंगारवाला आला आणि रिकाम्या हाताने जाईना. "साहेब, टेम्पो भाड्याचा हाय, कायतरी द्या की!" मग तुमच्या बाबांनी आम्हाला पाठवलेली व्यायामाची सायकल मी त्याला दिली. तिच्यावर मी पापड वाळवायचे. गळती तिला नव्हती, पण ती कुठे जातही नव्हती.

आता दसऱ्याला कुंकू मागच्या मडगार्डवर लागतं. झाकणावर लावणं शास्त्रात बसत नाही, असं आजोबा लोकांना सांगतात. चढावर गाडी बंद पडत नाही, याची त्यांना थोडी चुटपुटही लागली आहे. तरी मार्गासनीच्या पुढे ते थांबतात, झाकण उघडतात आणि "हूं" म्हणतात. मी रस्त्याकडेला बसून घेते.

गाडी चालू आहे आणि दर गुरुवारी आम्ही वन्संकडे जातो.