व्हर्डेल गिड्रीची तीन मिनिटं

व्हर्डेल गिड्री शांत बसलेला मी कधी पाहिला नाही. चर्चमध्येसुद्धा त्याचा उजवा पाय ब्रेक दाबल्यासारखा हलत असायचा. उभी हयात त्याने सिटीबस चालवली. निवृत्त झाला, बस सुटली, पण पाय काही थांबला नाही. शेजारी बसलेली त्याची बायको अर्लीन त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची. हात काढला की पाय पुन्हा सुरू.

तोंडाचंही तेच. व्हर्डेलला मत नाही अशी गोष्ट या जगात नव्हती, आणि ते मत ऐकल्याशिवाय आमच्या गल्लीतून कोणाची सुटका नव्हती. मी याच गल्लीत वर्षानुवर्षं टपाल वाटलं, म्हणून सगळे मला ‘टपाल’ म्हणतात. माझं तर दोघांच्या समोरच घर. म्हणजे मी कुठे पळणार?

खाडीच्या अलीकडच्या आमच्या वस्तीला आम्ही ‘गाव’ म्हणतो. पुलापलीकडे सॅन फ्रान्सिस्को, ते ‘शहर’. शहरात कॉम्प्युटरवाल्यांचा पैसा आला, तिथे मावेना, म्हणून पूल ओलांडून गावात शिरला. आमच्या कोपऱ्यावरचं माशांचं दुकान गेलं आणि तिथे कुत्र्यांचे केस कापायचं दुकान आलं. व्हर्डेलच्या जुन्या बसस्टॉपवर आता काळ्या काचांच्या पांढऱ्या बस उभ्या राहतात आणि कॉम्प्युटरवाल्या पोरांना कामावर घेऊन जातात.

“आतला बाहेर बघत नाही, बाहेरच्याला आतलं दिसत नाही,” व्हर्डेल म्हणायचा. “याला काय बस म्हणायचं? फ्रीज आहे तो, फ्रीज! माझ्या बसमध्ये दोन लग्नं जुळली आणि एक मोडलं. यांच्या बसमध्ये कोणी शिंकलं तरी फोनवरून कळवत असतील.”

बास्केटबॉलचं दुखणं त्याहून जुनं. आमची टीम गावात होती, तेव्हा वर्षानुवर्षं मार खायची. आम्ही सगळ्यात वरच्या रांगेत, जिथून खेळाडू मुंग्यांएवढे दिसतात, तिथून घसा फोडून ओरडायचो. मग टीम जिंकायला लागली. तिकिटं आमच्या हातून गेली, आणि पाठोपाठ टीमही पुलापलीकडे गेली.

“पोरगा लहानाचा मोठा करायचा आपण,” व्हर्डेल म्हणाला होता, “आणि कमवायला लागला की झाला दुसऱ्याचा घरजावई!”

त्या दिवसापासून त्यांचा एकही सामना बघणार नाही, अशी त्याने शपथ घेतली. तरी रोज सकाळी कोणी किती पॉइंट केले आणि कोचने कुठे माती खाल्ली, हे त्याला तोंडपाठ असायचं. मी विचारलं, “तुला रे कसं कळलं?” तर म्हणे न्हाव्याकडे टीव्ही चालू होता. त्याच्या डोक्यावर एक केस नाही.

राजकारणाचं तर विचारूच नका. आमच्या गावात निवडून येतात ते सगळे एकाच पार्टीचे. व्हर्डेलचीही तीच पार्टी. त्याचा जीव तिथेच अडकायचा. “सगळे आपलेच,” तो म्हणायचा, “मग चोर कोणाला म्हणायचं सांग!” म्हणून तो कोणालाच सोडत नसे. महापालिकेच्या सभेत कोणाही नागरिकाला माइकसमोर एक मिनिट बोलता येतं. व्हर्डेल दर सभेला हजर. नियम दोनच. बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून, प्रेक्षकांकडे वळून नाही. आणि आपलं मिनिट दुसऱ्याला देता येतं, पण एकदा दिलं की आपण गप्प बसायचं. व्हर्डेलला पुष्कळ लोक मिनिटं द्यायचे. मजा यायची त्याचं ऐकताना, खोटं कशाला बोलू?

अर्लीनला मजा येत नसे. “लष्कराच्या भाकऱ्या भाजून येतो,” ती म्हणायची, “आणि घरी पाऊल टाकलं की विचारतो, जेवायला काय आहे?”

तिला गाव सोडायचं होतं. त्यांची मुलगी रेनिटा डोंगरापलीकडे अँटिओकला राहते. इथे घर परवडेना म्हणून आमच्यातली निम्मी मंडळी तिकडेच गेली. रेनिटाला नुकताच मुलगा झाला होता, आणि तिच्या घराला तळमजल्यावर एक खोली रिकामी होती. अर्लीनला त्या खोलीत जायचं होतं. व्हर्डेलला जायचं नव्हतं. एवढंच भांडण होतं, पण ते कधी पूर्ण भांडलंच गेलं नाही. का, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

सोमवार होता. अर्लीनकडे सोमवारी लाल राजमा आणि भात असतो, तिच्या लुइझियानाच्या आईपासूनची पद्धत. मी त्यांच्या ओट्याच्या पायरीवर ताट घेऊन बसलो होतो. व्हर्डेल उभ्यानेच जेवत येरझारा घालत होता.

“व्हर्डेल, मला तुझ्याशी बोलायचंय,” अर्लीन म्हणाली.

“बोल की.”

“अँटिओकला—”

“अँटिओक! अँटिओकला काय आहे? रस्त्याला झाड नाही, कोपऱ्यावर दुकान नाही. आपण गेलो म्हणजे हे जिंकले, कळतंय का तुला? यांना तेच हवंय. उद्या ही जागा विकली की इथे काचेचं खुराडं उभं राहील, आणि त्यात एक पोरगं आणि दोन कुत्री—”

ताट निवलं तरी तो बोलतच होता. अर्लीन उठली, दाराची चौकट चाचपली आणि आत गेली. तिने चौकट चाचपली हे मी पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. तिला राग आला असेल, म्हटलं.

त्याच महिन्यात गल्लीच्या टोकाच्या बास्केटबॉल कोर्टवर पाटी लागली. हे आमचं सकाळचं कोर्ट. आमच्यासारखे गुडघे गेलेले म्हातारे तिथे उजाडता उजाडता खेळतात, म्हणजे निम्मा वेळ खेळतात आणि निम्मा वेळ फाउल होता की नव्हता यावर भांडतात. शेजारी नवी उंच इमारत झाली. तिथल्या लोकांनी तक्रार केली की सकाळी चेंडूच्या आवाजाने झोपमोड होते. महापालिकेने ठराव आणला, दोन्ही बाजूंच्या रिंगा काढून टाकायच्या. फळी ठेवायची, रिंग नाही. म्हणजे चूल ठेवायची आणि तवा न्यायचा.

व्हर्डेल पेटला. त्याला आयुष्यभर ज्या लढाईची हौस होती, ती चालत दारात आली होती. सगळ्यात गंमत म्हणजे त्याच्या बाजूने त्याच इमारतीतली ग्रेस युन उभी राहिली. ही कोरियन आईबापांची पोरगी, कुठल्याशा कंपनीत प्रोग्रॅम लिहिते आणि कामावर जायच्या आधी आमच्यात खेळते. आमच्या सगळ्यांपेक्षा बरी खेळते. व्हर्डेल तिला ‘फ्रीजवाली’ म्हणायचा.

“मिस्टर गिड्री, माझं मिनिट तुम्ही घ्या,” ती म्हणाली. “मला लोकांसमोर बोलता येत नाही.”

“बघ टपाल, शत्रूच्या गोटात माणूस आहे आपला!” व्हर्डेल खूश. “पोरी, तुझी बदनामी मी उद्यापासून बंद करतो.”

मीही माझं मिनिट दिलं. व्हर्डेलची तीन मिनिटं झाली. एवढ्या वेळात तो चंद्रसुद्धा मागून घेईल, असं मला वाटलं.

सभेच्या दिवशी दुपारी व्हर्डेल, ग्रेस आणि मी महापालिकेत बसलो होतो. व्हर्डेलचा पाय चालू होता. इतक्यात दारातून अर्लीन आली, चर्चची जांभळी टोपी घालून. ती आजवर तिथे कधी आली नव्हती. तिने बोलण्याची चिठ्ठी भरून दिली आणि आमच्या मागे बसली.

“चौथं मिनिट आलं!” व्हर्डेलने मला कोपर मारलं. “शेवटी घरचं माणूस ते घरचं माणूस.”

रिंगांचा विषय निघाला. पहिलंच नाव पुकारलं, “अर्लीन गिड्री.” व्हर्डेल अर्धा उठला आणि म्हणाला, “त्या आपला वेळ मला—” पण अर्लीन उठतच होती. पुढे बसलेल्या ग्रेसच्या खांद्याचा आधार घेऊन ती उभी राहिली आणि माइककडे चालू लागली. व्हर्डेल तसाच अधांतरी.

“अध्यक्षबाई,” अर्लीन म्हणाली, “माझ्या नवऱ्याला तुम्ही सगळे ओळखता.”

सगळे हसले. अध्यक्षबाईंनाही हसू आलं.

“रिंगा राहाव्यात. पण मी आलेय ते दुसऱ्या कामाला. घरी मला सलग मिनिटभर बोलायला मिळत नाही. इथे घड्याळ लावून मिळतं, आणि मध्ये कोणी तोंड घातलं तर तुम्ही त्याला गप्प करता.”

“अर्लीन, अगं—”

“मिस्टर गिड्री, तुमची पाळी येईल,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“आभारी आहे. अध्यक्षबाई, माझी नजर जात चाललीय. गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात, आणि राहिलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणापासून मी गाडीला हात लावलेला नाही. माझा नवरा जन्मभर बस चालवत होता. कुठल्या खांबावरचा दिवा गेलाय, महापौर कोणाशी बोलत नाहीत, सगळं त्याला ठाऊक. आपली बायको गाडी चालवायची थांबली, हे त्याला ठाऊक नाही. शनिवारी मी मुलीकडे चाललेय. ट्रक ठरवलाय. नातवाचं तोंड दिसतंय तोवर मला ते रोज बघायचंय. मिस्टर गिड्रींना यायचं असेल तर त्यांनी यावं. यावर त्यांचं काय मत आहे, ते मला ऐकायचं नाही.”

घंटी वाजली. अर्लीन परत येऊन बसली. 

“व्हर्डेल गिड्री. तीन मिनिटं.”

तो माइककडे गेला. खिशातून कागद काढला. “अध्यक्षबाई, या कोर्टच्या रिंगा...” म्हणाला आणि थांबला. समोरचं घड्याळ उलटं पळत होतं. व्हर्डेलने कागदाची घडी केली, उलगडली, पुन्हा घातली. मग मागे वळला.

“मिस्टर गिड्री, प्रेक्षकांकडे बघून बोलायचं नाही. अध्यक्षांना उद्देशून बोला.”

तो पुन्हा पुढे वळला.

“अध्यक्षबाई,” तो म्हणाला, “तिला विचारा. कुठला डोळा?”

अध्यक्षबाई हातातल्या कागदांकडे बघू लागल्या. असा प्रश्न विचारायला नियम नव्हता आणि अडवायलाही जीव होत नव्हता.

“दोन्ही,” अर्लीन मागून म्हणाली.

मला वाटलं, आता बोलेल. इतकी वर्षं ज्याचं तोंड मिटलं नाही, तो काहीतरी बोलेलच. व्हर्डेल माइकला धरून उभा राहिला. त्याचा पाय हलत नव्हता. घंटी वाजेपर्यंत तो तसाच उभा होता, आणि मग येऊन अर्लीनला हात धरून बाहेर घेऊन गेला.

अध्यक्षबाईंनी विचारलं, “या विषयावर आणखी कोणी?” ग्रेस उठली. “तुम्ही तुमचा वेळ दिलेला आहे,” कारकून म्हणाला. मी उठलो. मलाही तेच. रिंगांच्या बाजूने एक शब्द बोलला गेला नाही, आणि ठराव मंजूर झाला.

माझं डोकं फिरलं. सांगतो ना, मी तेव्हा दयाबिया काही वाटण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. त्या तीन मिनिटांतलं एक माझं होतं! एक वाक्य तरी बोलायचं होतं गाढवाने. मी तरातरा बाहेर पडलो, त्याला चांगला झापायचा म्हणून.

दोघं महापालिकेसमोरच्या बसस्टॉपवर बसले होते.

“गेल्या रिंगा,” मी म्हणालो. “तुझ्या कृपेने.”

“हं,” व्हर्डेल म्हणाला. त्याच्याकडे यावर मत नव्हतं.

“आणि शनिवारचं काय?”

“ट्रक कोण चालवणार मग? तुझा बाप?”

अर्लीन हसली नाही. तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि इतक्यात उतरावा असं काही घडलंही नव्हतं. ती रस्त्याकडे तोंड करून बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो. माझं भांडण तोंडातच राहिलं.

“काय येतंय ते?” तिने विचारलं. “पांढरं मोठं काहीतरी.”

“त्यांचीच ती फ्रीजगाडी,” व्हर्डेल उसळला, “यांना आपल्या रस्त्यावर थांबायला कोणी परवानगी—”

“व्हर्डेल. मत नको. दिसतंय काय तेवढं सांग.”

त्याने तोंड उघडलं, मिटलं. रस्त्याकडे पाहिलं. माणूस नवी भाषा शिकताना अडखळतो, तसा तो अडखळत होता.

“पांढरी बस आहे,” तो म्हणाला. “काळ्या काचा. थांबली. एक पोरगी उतरतेय.”

“कशी आहे?”

“दमलेली आहे. पिवळा कोट आहे. हातात बूट घेतलेत, अनवाणी चाललीय.”

“बरं,” अर्लीन म्हणाली. “मग पुढे?”