पोरींच्या घोळक्याला काय म्हणायचं

"कॅटल?" इंग्रजीच्या बाईंनी विचारलं. कुठल्या घोळक्याला काय म्हणतात, त्याचा तास होता.

"अ हर्ड ऑफ कॅटल," मी म्हणाले. म्हणजे गुरांचा कळप.

"हिला बरोबर येणारच. मेलेली ढोरं ओढणाऱ्यांची पोर." बाई हसल्या. "आणि वस्तीतून तुम्ही तिघी रोज एकदम येता, त्याला काय म्हणायचं? लिही फळ्यावर. अ हर्ड ऑफ गर्ल्स."

मी लिहिलं. माझ्या हातानं. अक्षर चांगलं आलं. त्याचीच लाज अजून जात नाही.

कोल्हापुरातली मुलींची शाळा. नववीचा वर्ग. एसएससीची परीक्षा अकरावीला होती तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या दिवसापासून फाटकातच पोरी ओरडायच्या, "हर्ड आली गं!" आम्ही तिघी वेगवेगळ्या वाटांनी यायला लागलो. तरी ओरडायच्या. दिवाळीनंतर बाकीच्या दोघी आल्याच नाहीत. एकीचं लग्न ठरलं. एक आईबरोबर उसाच्या मोळ्या बांधायला गेली.

मी आईला म्हणाले, "मी बी न्हाय जाणार."

"मग चल उद्यापासनं मालकाच्या रानात तण काढायला, भांगलायला. मालक काय तुला ताई म्हणून हाक मारणार हाय व्हय?"

इकडं बाई, तिकडं मालक. मधे मी. रोज सकाळी शाळा नको वाटायची. तरी जायचे.

दोघींनी जाताना आमच्या तिघींतलं एकच जुनं व्याकरणाचं पुस्तक मला दिलं. आत एका पानावर कळपांच्या, घोळक्यांच्या नावांची यादी होती. मेंढरं, लांडगे, मधमाश्या. आणि खाली मुली. बेव्ही. अ बेव्ही ऑफ गर्ल्स. चक्क छापलेलं. बाईंच्या हातात हेच पुस्तक असायचं.

शाळा तपासणीला साहेब आले. बाईंनी मलाच उभं केलं. मला यादी पाठ होती. साहेबांनी विचारलं, "मुलींच्या घोळक्याला?"

"बेव्ही, साहेब. पण बाईंनी आम्हाला हर्ड शिकवलंय. माझ्याच हातानं फळ्यावर लिहून घेतलं."

साहेबांनी बाईंकडं बघितलं, घड्याळ बघितलं. "बस खाली," म्हणाले आणि पुढच्या वर्गात गेले. बाईंना कुणी काही विचारलं नाही.

बाई म्हणाल्या, "माफी माग. तोवर माझ्या तासाला दाराबाहेर उभं राहायचं."

"न्हाय मागणार."

पोटऱ्यांना गोळे यायचे. वही भिंतीला लावून लिहायचे. पावसात पाठ भिजायची. अकरावीपर्यंतचं सगळं इंग्रजी मी उभ्यानं शिकले.

आता घरचे म्हणतात, बाई म्हाताऱ्या झाल्या असतील, सोडून दे. मी सोडणार नाही. माफी तेव्हा मागितली नाही. आता माफ करणारही नाही.