भाऊंच्या पोटाचं माप

२०२४ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो, तेव्हा भाऊ जेलातून जामिनावर सुटून वाडीतल्या माझ्या शिलाईच्या दुकानात आले. रस्त्याच्या कंत्राटात पैसे खाल्ले म्हणून त्यांना शिक्षा झाली होती.

मी चौथीच शिकलो, पण माझा टेप खोटं बोलत नाही. नगरसेवक झाले तेव्हा भाऊंचं पोट छत्तीस इंच होतं, आमदार झाल्यावर शेहेचाळीस. माप देताना ते कधी सरळ उभे राहिले नाहीत. रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकवाल्यालाही हात हलवून दाखवायचे.

"हात खाली ठेवा भाऊ, बाही आखूड होईन," असं मी दर खेपेला ओरडायचो.

त्या दिवशी हात खालीच होते. टेप अडतीसवर थांबला.

"शेहेचाळीसचाच शिव गा मास्तर," भाऊ हळूच म्हणाले. "परवा पोरीचं साक्षगंध आहे, अंगठी घालायची आहे. पाहुणे म्हणतीन, भाऊ खलास झाला."

"बुजगावणं दिसाल त्यात. माझ्या हातचा ढगळ कुर्ता आजवर कोणी घातला नाही."

"मंग दुसऱ्याकडे जाऊ काय?"

"जा ना. मले काहून विचारून राहिले?"

ते गेले नाहीत. कापड मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कापड शेहेचाळीसचं कापलं आणि कुर्ता अडतीसच्या अंगाला बसेल असा शिवला. भाऊंचं अपील अजून बाकी होतं, जिंकले तर पोट परत वाढणार, म्हणून उरलेलं कापड मी शिलाईच्या आत दाबून ठेवलं.