चमी
मिरच्या जळल्याचा ठसका कुठूनही आला की मला कुंभकोणमची ती दुपार आठवते. मी त्या घरात नवी सून होते. नवऱ्याची विधवा आत्या आणि मी रोज जेवणं आटोपल्यावर पुण्याहून टपालानं येणाऱ्या वर्तमानपत्रातलं उलटसुलट अक्षरांचं कोडं सोडवायला बसायचो. पुण्याचे कितीतरी शब्द आमच्या तंजावरी मराठीत नसायचे, म्हणून चुरस आणखीच वाढे, आणि बहुतेकदा आत्याबाईच जिंकत. मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. शुद्धीवर आल्यापासून, चमच्यानं पेज भरवली तरी, त्या रात्रंदिवस ‘णीपा, णीपा’ एवढंच म्हणत. गोऱ्या डॉक्टरनं हात टेकले, तेव्हा सासूबाईंनी चोळपुरम्‌हून मांत्रिक बोलावला. त्यानं दारं लावून निखाऱ्यांवर मिरच्या टाकल्या, छडी उगारली आणि तमिळमध्ये दरडावून विचारलं, “तू कोण?” आत्याबाई खोकत खोकत, माझ्याकडे बघत म्हणाल्या, “चमी.” “नाव सांगितलं,” मांत्रिक हळूच म्हणाला. “मेलकावेरीला नदीत बुडालेली बाई आहे ही.” सगळे मागे सरकले. माझ्या अंगावर मात्र काटा आला तो वेगळ्याच कारणानं. “सासूबाई, त्या ‘मीच’ म्हणतायत,” मी म्हणाले. “आणि इतके दिवस पाणी मागतायत.” सासूबाईंनी स्वतःच्या हातानं त्यांना पाणी पाजलं. भांडंभर पाणी त्या डोळे मिटून प्यायल्या. पुढं अनेक वर्षं त्यांचं बोलणं मीच घरच्यांना उलगडून सांगत असे. जाण्याच्या आदल्या दिवशी, रिकाम्या कोपऱ्याकडे बघत, त्यांनी मला एक लांबलचक शब्द सांगितला. आज मी त्यांच्याच वयाची झाले आहे, आणि तो शब्द मला अजून सुटलेला नाही.